खिशातला संगणक, परक्याची किल्ली

केंद्राने २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ ठरवलेल्या जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, समावेश होता. अशा जिल्ह्यात लॅपटॉप परवडत नसलेल्या विद्यार्थ्याकडे अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या खिशात वस्तुतः संगणकच आहे. कारण अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. ‘टर्मक्स’ हे मोफत ॲप घेतले, की त्याच फोनवर पायथन चालते, सी भाषेतील प्रोग्रॅम तयार होतो. पडदा इवलासा, हे खरे. पण सरावाला तेवढा पुरतो.

अडचण मालकीची आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून, नव्या नियमांनुसार बांधलेल्या ॲपला स्वतः उतरवून घेतलेले प्रोग्रॅम चालवण्यास मनाई झाली. टर्मक्स जुन्याच नियमांवर तगले. मात्र प्ले स्टोअरवरील त्याचे नूतनीकरण २०२० मध्ये थांबले आणि वापरणारे ‘एफ-ड्रॉइड’कडे वळले. मार्च २०२५ मध्ये गुगलने स्वतःचे लिनक्स टर्मिनल आणले, तेही आधी महागड्या पिक्सेल फोनांवर! त्याच ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केले, की प्ले स्टोअरबाहेरील ॲपच्या निर्मात्यांनाही ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून चार देशांत, पुढे जगभर. टीका झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आश्वासन मिळाले. तुळजापूर-परंड्याच्या नवशिक्याला ‘जाणकार’ कोण म्हणणार? तंत्रनिकेतनांनी टर्मक्सचा सराव वर्गातच सुरू केला, तर निदान ती वाट त्याच्या ओळखीची होईल.