यशदाचा एकही अणू मोकळा नाही

भस्मकल्पांविषयी आपल्या परिषदांमधून होणारी चर्चा बहुधा दोन टोकांवर येऊन थांबते. शोधन-मारण यथाविधी झाले की धातू निर्विष झाला, असे एक पक्ष मानतो. धातू तो धातूच, शरीरात गेला की विषच, असे दुसरा. धातू शरीरात गेल्यानंतर त्याचे पुढे काय होते, हा मूळ प्रश्न दोन्ही पक्षांकडून दुर्लक्षित राहतो. या दृष्टीने जीवाणूंवर झालेले अलीकडचे संशोधन वैद्यांनी अवश्य अभ्यासावे, असे मला वाटते.

आतड्यातील ‘ई. कोलाय’ हा जीवाणू सर्वांना परिचित आहे. त्याच्या एका पेशीत जस्ताचे, म्हणजे आपल्या यशदाचे, सुमारे दोन लाख अणू असतात. या साठ्यावर दोन नियामक प्रथिनांची देखरेख असते. जस्त उणे पडल्यास ‘झुर’ या प्रथिनाचे नियंत्रण सैल होऊन जस्त आत आणणारी यंत्रणा सुरू होते. अधिक झाल्यास ‘झेडएनटीआर’ ते बाहेर टाकणारा पंप सुरू करविते. २००१ साली आउटन व ओ’हॅलोरन या अमेरिकी संशोधकांनी या दोन्ही प्रथिनांची संवेदनक्षमता मोजली. ती इतकी सूक्ष्म निघाली की, त्या हिशेबाने पेशीत जस्ताचा एकही अणू मुक्त स्थितीत टिकून राहू शकत नाही. दोन लाखांपैकी प्रत्येक अणू कोणत्या ना कोणत्या रेणूच्या स्वाधीन असतो.

एवढी कडक व्यवस्था कशासाठी? प्रथिनांना चिकटण्याची शक्ती सर्व धातूंत सारखी नसते. ताम्र सर्वांत बलवान, जस्तही प्रबळ, लोह त्याहून दुबळे आणि मँगनीज सर्वांत दुबळे. बलवान धातू मोकळे सोडल्यास ते इतरांच्या जागा बळकावतील. एका नील-हरित जीवाणूतील मँगनीजयुक्त प्रथिनाविषयी २००८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातून प्रसिद्ध झालेले संशोधन येथे मननीय आहे. परीक्षानळीत ते प्रथिन मँगनीज तेव्हाच स्वीकारते, जेव्हा मँगनीज हे ताम्र वा जस्ताच्या किमान दहा हजार पट असते. जीवाणू यावर साधा उपाय योजतो. जेथे ताम्र व जस्त घट्ट बांधलेले असतात, त्या पेशीच्या अंतर्भागातच तो या प्रथिनाची घडी घालतो आणि मँगनीज आत बंदिस्त झाल्यावर मगच ते बाहेरच्या कप्प्यात पाठवितो. तात्पर्य, कोणता धातू लाभावा हे येथे केवळ प्रथिनाच्या रचनेवर ठरत नाही, स्थानावरही ठरते.

काही धातूंसाठी तर स्वतंत्र वाहक प्रथिने असतात. आम्लपित्ताच्या रुग्णांत आपणांस वारंवार भेटणारा ‘हेलिकोबॅक्टर’ आपल्या युरिएज एन्झाइमला निकेल पुरविण्यासाठी अशी वाहकमालिका बाळगतो. संसर्गकाळी आपले शरीरही याच व्यवस्थेवर घाव घालते. पांढऱ्या पेशी ‘कॅलप्रोटेक्टिन’ या प्रथिनाद्वारे जस्त व मँगनीज बांधून जीवाणूंची उपासमार करतात. उलट काही पेशी गिळलेल्या जीवाणूवर जस्त वा ताम्राचा मारा करतात. एकच धातू, उणा पडला तरी घातक आणि अधिक झाला तरी घातक.

‘हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असा दावा मी करणार नाही. तसा दावा सोपा आहे, पण त्याने रुग्णाचे भले होत नाही. यशदभस्म हे मुख्यतः जस्ताचे ऑक्साइड असून जठरातील आम्लात ते विरघळते. वारितर, रेखापूर्ण या परीक्षा भस्म नीट सिद्ध झाले की नाही ते सांगतात. विरघळल्यानंतरचा प्रवास सांगत नाहीत. अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतलेल्या जस्तामुळे आतड्यातून होणारे ताम्राचे शोषण घटते आणि त्यातून पांडुता व नाडीविकार उद्भवू शकतात. प्रमेहाचा रुग्ण आपल्याकडून यशदभस्म आणि औषधाच्या दुकानातून जस्ताच्या गोळ्या असे दोन्ही एकाच वेळी घेत असतो. ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न अनेक वर्षे मीही विचारत नसे, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

२००४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी बालकांच्या अतिसारात जस्त देण्याची शिफारस केली, तेव्हा मात्रेबरोबर अवधीही ठरवून दिला : १० ते १४ दिवस. आपणही रुग्णपत्रिकेवर भस्माचे नाव लिहून न थांबता मात्रा, अनुपान, अवधी आणि सोबत चालू असलेली अन्य धातुयुक्त औषधे यांची नोंद नियमाने करावी. मात्रा व काल यांचा विचार हा तर आपल्या शास्त्राचा कणाच आहे. डोळ्यांना न दिसणारा जीवाणू धातूच्या एकेका अणूचा हिशेब ठेवतो. वैद्याने निदान गुंजेचा तरी चोख ठेवावा, एवढीच नम्र सूचना.