सुगीनंतरचे उंदीर

सुगी आटोपली की झरीत घरोघर पोत्यांची थप्पी लागते आणि लोक मला उंदराच्या औषधाचे नाव विचारू लागतात. यात आश्चर्य नाही. उंदराची मादी ३ आठवड्यांत विते. धान्य एकदम वाढले की उंदीर वाढतात, त्यांच्या अंगावरच्या पिसवा वाढतात आणि उंदरामागे सापही घरात शिरतो.

मराठवाड्याने याची मोठी किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. बीड जिल्ह्यातील मामला गावचे लोक भीतीने घराबाहेर झोपड्यांत राहू लागले. धान्य मात्र घरातच राहिले. त्यावर उंदीर माजले. १९९४ मध्ये आधी उंदीर मरून पडले, पिसवांचा उपद्रव सुरू झाला आणि पाठोपाठ गाठीचा प्लेग आला.

मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे येतात. म्हणून नुसत्या विषाच्या गोळ्या हा माझ्या मते उपाय नव्हे. पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत, सांडलेले दाणे रोज झाडावेत, बिळे बुजवावीत. उंदीर आपोआप मरू लागले तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. अशा वेळी आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा, हा क्रम चुकवू नये. ताप येऊन जांघेत वा काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर औषध मिळाल्यास प्लेग बरा होतो.

रास आपल्या घामाची आहे. तिच्यावर उंदीर पोसू नका.