आकडा मागे फिरवू नये

वडिलांनी १९७६ साली घेतलेली अ‍ॅम्बेसेडर आमच्या धंतोलीच्या अंगणात अजून उभी आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाड्या २०१४ मध्ये बनायच्या थांबल्या; आमची मात्र दर रविवारी फुटाळ्यापर्यंत जाऊन येते. यंदा तिचा स्पीडोमीटर दुरुस्तीला काढला. काटा हिवताप भरल्यासारखा थरथरायचा आणि किलोमीटरचे आकडे शहाऐंशी हजारांवर कधीचे थिजले होते.

सदरमधल्या एका वयस्क मिस्त्रींनी मीटर उघडला. मी शेजारी स्टुलावर बसून पाहत होतो. गिअरबॉक्सपासून आलेली केबल आतला लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. पण चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावेल, तो गाडीचा वेग. ओटो शुल्झे यांनी १९०२ साली जर्मनीत याचे पेटंट घेतले. इतके साधे आणि इतके चोख!

केबल कोरडी पडली होती. मिस्त्रींनी ती रॉकेलने धुऊन बोटभर ग्रीस पुसले. ‘‘जास्त लावलं तर वर चढून मीटरमधी जाते, साहेब,’’ ते म्हणाले. आकड्यांचे झिजलेले दातेरी चाक दुसऱ्या भंगार मीटरमधून काढून बसवले. मग सहज विचारले, ‘‘आकडे झिरो करून देऊ का? सगळेच करतात. विकाले बरं पडते.’’

मी ‘नको’ म्हणालो, जरा जोरातच. त्याला कारण आहे. बँकेत असताना एका शिक्षकाला जुन्या जीपसाठी मी कर्ज मंजूर केले होते. मीटरवरचा आकडा लहान होता. तो पाहून मीही निर्धास्त झालो. वर्षाच्या आत इंजिन बसले. जीप दारात उभी राहिली, हप्ते मात्र चालूच. पुढे कळले की आकडा मागे फिरवलेला होता. फसवणारा दुसराच, पण त्या कागदावर सही माझी होती. तो माणूस दरमहा हप्ता भरायला यायचा, तेव्हा मी फायलीत डोके घालून बसायचो.

लेजरमध्ये चूक झाली तर ती खरवडायची नाही, असा आमचा दंडक होता. एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. जुनी वस्तू जपणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा, असे मला वाटते. दुरुस्ती म्हणजे वय लपवणे नव्हे. ज्याला आपण ‘नव्यासारखी’ म्हणतो, ती पुष्कळदा जुन्याची खाडाखोड असते, आणि तिची किंमत पुढचा घेणारा मोजतो.

अर्थात, आमचाही आकडा पुरता खरा नाही. मीटर बंद असताना गाडी धावतच होती. म्हणून एका चिठ्ठीवर लिहिले : ‘मीटर काही वर्षे बंद होता. प्रत्यक्ष धाव याहून जास्त.’ खाली तारीख घालून सही केली आणि चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत ठेवली.

परवा फुटाळ्याहून येताना आकड्यांचे चाक हलले. काटा चाळिसावर स्थिर होता.