हरकत घ्यायची तर गट नंबर टाकून घ्या



हरभरा काल मळून झाला. उतारा ठीक आहे, रडण्यासारखा नाही आणि नाचण्यासारखाही नाही. उन्हाळ कांद्याला पाणी चालू आहे, वाफा भरेपर्यंत बांधावर बसून लिहितोय. आज पिकाचं नाही, कागदाचं लिहायचंय. आपल्या लोकांचं जेवढं नुकसान करप्याने झालं नसेल तेवढं न वाचलेल्या नोटिशीने झालंय, असं माझं मत झालंय. मी स्वतः त्यातलाच.

आमचं शिवार हवेली तालुक्यातलं. २०२१ च्या ३० जूनला सरकारची अधिसूचना निघाली आणि २३ गावं पुणे महापालिकेत गेली. वाघोली, मांजरी बुद्रुक, खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, होळकरवाडी, वडाचीवाडी अशी ती यादी. त्याआधी २०१७ च्या ऑक्टोबरात ११ गावं गेली होती. पुणे महापालिकेचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं, मुंबईपेक्षाही मोठं. आम्ही रात्री गावात झोपलो आणि सकाळी शहरात उठलो. गोठा तोच, विहीर तीच, पाणंद तीच. फक्त ग्रामपंचायत गेली.

आता खरी गोष्ट सांगतो. त्या अधिसूचनेचा मसुदा आधी निघाला होता, २०२० च्या डिसेंबरात. हरकती-सूचना द्यायला तीस दिवस होते. कायदाच तसा आहे. महापालिकेची हद्द बदलायची तर आधी प्रारूप प्रसिद्ध करावं लागतं, लोकांचं ऐकावं लागतं. त्या तीस दिवसांत मी काय केलं? कांद्याची लागण. मजूर मिळेना, रोपं पिवळी पडायला लागलेली. म्हणलं, बघू नंतर. नंतर बघितलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. कुणाला दोष देऊ? कागद निघाला होता, मी तो वाचला नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. पुढे एका विकास आराखड्यावर हरकती मागवल्या. यावेळी जागा होतो. गावातल्या पोरांनी छापील अर्ज आणले, सगळ्यांनी सह्या ठोकल्या, मीही ठोकली. मजकूर एकच : 'आमचा या आराखड्यास तीव्र विरोध आहे.' सुनावणीचा दिवस आला. माझ्या आधी शेजारच्या वस्तीवरच्या एक ताई होत्या. त्यांच्याकडे सातबारा, गटाचा मोजणी नकाशा, विहिरीचे फोटो आणि तीन वर्षांच्या भाजीच्या पट्ट्या. त्या म्हणाल्या, रस्त्याची रेघ माझ्या विहिरीवरून जाते, ती शंभर फूट पूर्वेला घेतली तर पाणंदीवरूनच जाईल, कुणाचंच नुकसान नाही. समोरच्या साहेबांनी नकाशा उलगडला, पेन्सिलने खूण केली, दोन-तीन प्रश्न विचारले.

मग माझा नंबर. "तुमचं काय म्हणणं?"

"आमचा विरोध आहे, साहेब."

"कशाला?"

मला सांगता येईना. नकाशावर माझा गट कुठे, तेसुद्धा मला दाखवता आलं नाही. साहेब शांत होते, पाणी घ्या म्हणाले. बाहेर आलो तेव्हा कान गरम झाले होते. चाळीस वर्षं ज्या रानात राबलो ते रान मला कागदावर ओळखू येत नव्हतं.

घरी येऊन सातबारा काढला तर आणखी एक झटका. ज्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर सगळं घेतलं होतं, तिथे पीक पाहणीत 'पड' लागलेलं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवर करायची. मी केलीच नव्हती. उद्या कुणी विचारलं की इथे शेती आहे हे कशावरून, तर माझा स्वतःचा सातबारा माझ्या विरोधात साक्ष देणार. शहराच्या हद्दीतल्या शेतकऱ्याने तर ही नोंद एका हंगामालाही चुकवू नये. विमा आणि अनुदान बाजूला राहू द्या, ती तुमच्या रानाची ओळख आहे.

आता लोक म्हणतात, हरकत घेऊन काय होतंय? आमचे तात्या तर म्हणतात, "सरकारने ठरवलंय ते होणारच, तू कशाला पेन झिजवतो?" तात्यांचा मान राखून सांगतो, इतिहास तसा नाही. १९९७ ला ३८ गावं पुण्यात घेतली होती. विरोध झाला आणि २००१ मध्ये त्यातली काही पूर्ण, काही अर्धवट परत बाहेर काढावी लागली. उलट बाजूही बघा. हवेली तालुका नागरी कृती समिती गावं आत घ्या म्हणून उच्च न्यायालयात गेली, तेव्हा ११ गावांचा निर्णय हलला. म्हणजे 'घ्या' म्हणणाऱ्यांनीही कागद लढवला आणि 'नको' म्हणणाऱ्यांनीही.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं बघा. शहराचा कचरा या गावांनी कितीतरी वर्षं सोसला. २०१७ ला ती महापालिकेत गेली, कर वाढला, सोयी त्या मानाने आल्या नाहीत अशी ओरड झाली. २०२२ च्या डिसेंबरात ही दोन गावं वगळायची घोषणा झाली, २०२३ ला प्रारूप निघालं, पुन्हा हरकती झाल्या, आणि २०२४ च्या सप्टेंबरात त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आणि पीएमआरडीएचा विकास आराखडा? २०२१ ला प्रारूप आलं, त्यावर साठ हजारांच्या वर हरकती-सूचना गेल्या, प्रकरण न्यायालयात पोचलं आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द करायचा निर्णय घेतला.

पण याचा अर्थ आपण जिंकलो असा काढू नका. नगरपरिषद झाली म्हणून नळाला लगेच पाणी येत नाही. आराखडा रद्द झाला म्हणून रस्ते लागायचे थांबत नाहीत, उलट तोवर जो तो मनाला येईल तसं बांधकाम करून मोकळा होतो. २०२४ मध्ये समाविष्ट गावांतल्या मिळकतकराच्या वसुलीला सरकारने स्थगिती दिली, गावात पेढे वाटले. स्थगिती म्हणजे माफी नव्हे, मंडळी. उसनवारी आहे ती, कधीतरी दारात येणारच. नुसतं 'नको' म्हणून आपण वेळ मिळवतो. 'त्याऐवजी हे करा' असं लिहून दिलं तरच रान वाचतं. त्या ताईंनी तेच केलं होतं.

नवा आराखडा आज ना उद्या येणारच. प्रादेशिक नियोजनाच्या १९६६ च्या कायद्याप्रमाणे प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतीला तीस दिवस, मग नियोजन समितीपुढे सुनावणी. तेव्हा पळापळ करण्यापेक्षा आत्ता उन्हाळ्यात, कामं कमी असताना, एवढं करून ठेवा :

सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा एका पिशवीत ठेवा. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, ओढा, पाणंद हे सगळं त्या नकाशावर स्वतः दाखवा. पोरांना सोबत घ्या, त्यांना मोबाईलवर जमतं. तिन्ही हंगामांची पीक पाहणी भरा. बाजाराच्या पट्ट्या फेकू नका. हरकत एका पानाची लिहा : गट नंबर काय, आराखड्यात काय दाखवलंय, त्याने काय नुकसान होतं, आणि त्याऐवजी काय करता येईल. दोन प्रती करा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा. छापील अर्जावर सही करायची तर करा, पण स्वतःचा अर्ज वेगळा द्या.

कृषी खात्यातली आणि कृषी महाविद्यालयातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे. आमच्या हरकतीत भावना असते, आकडा नसतो. या पट्ट्यात माती किती खोल, विहिरींना पाणी कुठल्या महिन्यापर्यंत, एकरी भाजी किती निघते, ओढा बुजवला तर पावसाचं पाणी कुठे शिरेल, हे तुम्ही दोन पानांत लिहून दिलंत तर आमच्या शंभर सह्यांपेक्षा जड होईल. मांजरी बुद्रुकला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, शिवाजीनगरला शंभर वर्षांहून जुनं कृषी महाविद्यालय आहे. ज्या शहराच्या पोटात शेतीचं एवढं शहाणपण आहे, त्या शहराच्या नकाशावर शेती म्हणजे 'बांधायची राहिलेली जागा' एवढंच का असावं?

आता सरकारकडे आणि महापालिकेकडे मागणं. ग्रामपंचायत होती तेव्हा वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायच्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. भांडणं व्हायची, खुर्च्या हलायच्या, पण उभं राहून विचारता तरी यायचं. शहरात गेलो आणि ते गेलं. त्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासक. नगरसेवकच नाही, तर विचारायचं कुणाला? आता जानेवारीत निवडणूक झाली, माणसं निवडून आली, चांगली गोष्ट आहे. पण ग्रामसभेची जागा नगरसेवक घेऊ शकत नाही. महापालिका कायद्यात २००९ साली क्षेत्र सभेची तरतूद झालीय. थोड्या थोड्या मतदारांची, मतदान केंद्रांच्या हिशेबाने भरवायची सभा. ती कागदावरच राहिली. माझं एकच मागणं आहे : समाविष्ट गावांपासून क्षेत्र सभा सुरू करा. कुठलंही प्रारूप आलं की ते या सभेत वाचून दाखवा, गट नंबरासह नकाशा चावडीवर लावा, आणि ते तीस दिवस त्या वाचनापासून मोजा. याला फार पैसा लागत नाही, एक सतरंजी आणि एक माईक लागतो.

तोवर आपण आपलं करू. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे, दर वर्षी अर्ज निघतात. पाणंदीचं मुरमीकरण, ओढ्याची सफाई, भाजीवाल्यांना सकाळची जागा, हे त्यात लिहायला काय हरकत आहे? शहरवाले लिहितात म्हणून त्यांच्या बागा होतात.

परवा तात्यांना घेऊन बसलो. त्यांच्या गटाचा नकाशा पसरला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे आंबा आहे, आईने लावलेला. तो नाही दाखवला यांनी." म्हणलं, "तात्या, आपण दाखवू." पेन त्यांच्याच हातात दिलं.

वाफा भरला, दारं मोडायला जातो. तुमच्या गावात नोटीस कुठे लागते आणि ती कोण वाचतं, एवढं मला नक्की कळवा.