नकाशा काढणारे हात आपलेही हवेत



बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. पोरगा हुशार असेल तर इंजिनिअरिंग, नाहीतर पोलीस भरती, तलाठी भरती, बँकेची परीक्षा. मुलगी असेल तर नर्सिंग किंवा डी.एड. ही वाट चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः बी.कॉम. होऊन कारकुनीच करतो आणि त्याच पगारावर माझे घर चालते. परंतु या ठरलेल्या यादीत भूगोल कुठेच नसतो. भूगोल म्हणजे नद्या आणि राजधान्या पाठ करण्याचा, मार्क मिळवून देणारा सोपा विषय, अशी आपली समजूत!

आमच्या वस्तीतील एक मुलगी यंदा भूगोल घेऊन पदवी परीक्षा प्रथम वर्गात पास झाली. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीला आता संगणकावर आणि उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार करण्याच्या शास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे. वडिलांचा प्रश्न साधा आहे : "अजून दोन वर्षे पोटाला चिमटा घ्यायचा, तो काय नकाशे रंगवायला?" प्रश्न रास्त आहे. उसनवारी करून शिकवणाऱ्या बापाला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

हाच विषय का, याबद्दल मुलीने एक पानभर निवेदन लिहिले आणि मला वाचायला दिले. त्याचा मथितार्थ असा : आमची वस्ती टेकडीच्या पायथ्याशी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि आदिवासी बांधवांची घरे झोपेतच गाडली गेली. त्या वाडीचे नाव दरडप्रवण ठिकाणांच्या यादीतच नव्हते, असे पुढे सरकारनेच सांगितले. आमच्या टेकडीचा उतार किती, माती कोणती, पावसाचे पाणी कुठून कुठे वाहते, कोणती घरे धोक्यात आहेत, हे मोजायला मला शिकायचे आहे.

हे वाचले आणि माझ्या कारकुनीच्या अनुभवाशी ते जुळले. कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. ज्याची नोंद नाही, त्याचे काम होत नाही. काही वर्षांपूर्वी वस्तीच्या गटारासाठी आम्ही एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "इथे तर मोकळी जागा दिसते आहे." त्या मोकळ्या जागेत दोनशे घरे होती! आम्ही मोर्चा काढला, गटार झाले. पण त्या साहेबांपुढे आपला स्वतःचा मोजून काढलेला नकाशा ठेवू शकणारा माणूस आमच्यात तेव्हा एकही नव्हता.

आता हे शास्त्र आहे तरी काय? एका कागदावर फक्त घरे काढा. दुसऱ्या पारदर्शक कागदावर पाण्याची पाईपलाईन काढा, तिसऱ्यावर रस्ते, चौथ्यावर जमिनीचा उतार. हे कागद एकमेकांवर ठेवले की कोणत्या घरापर्यंत पाणी पोचले आणि कोणापर्यंत नाही, ते एका नजरेत दिसते. हेच काम संगणकावर हजारो घरांसाठी करता येते. याला भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस म्हणतात. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने त्याचा पाया घातला. आपल्या देशाने १९८८ साली आयआरएस-१ए हा पृथ्वीची पाहणी करणारा उपग्रह सोडला, तेव्हापासून जमीन, पाणी, पिके यांची चित्रे आपल्याच उपग्रहांकडून मिळू लागली.

अशा नकाशाचे मोल काय असते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. ओहायो राज्यात झेन्सव्हिल शहराला लागून कोल रन नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या लोकांच्या घरांना सुमारे पन्नास वर्षे नळाचे पाणी दिले गेले नाही. ते लोक पावसाचे पाणी साठवत, दुरून गाडीतून पाणी आणत. जवळच राहणाऱ्या गोऱ्यांच्या घरात मात्र नळ होते! लोक कोर्टात गेले. पाण्याची जोडणी कोणत्या घराला आहे आणि त्या घरात कोण राहतो, हे दोन थर अभ्यासकांनी एका नकाशावर आणले. भेदभाव उघडा पडला. २००४ साली पाणी आले आणि २००८ साली ज्यूरीने सदुसष्ट रहिवाशांना मिळून सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला.

हे वाचताना आपल्याला चवदार तळे आठवल्याशिवाय राहील काय? १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. ठराव कागदावर होता, पाणी हातात नव्हते. आजही योजना कागदावर पूर्ण झालेली असते आणि नळ वस्तीच्या अलीकडेच संपलेला असतो. तो नेमका कुठे संपला, हे दाखवण्याचे साधन म्हणजे नकाशा.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. पुण्यात १९९३ साली सुरू झालेल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने झोपडपट्ट्यांतील घरांची पाहणी करून नकाशे बनवले. कोणत्या घरात संडास नाही आणि ड्रेनेजची लाईन कुठपर्यंत आहे, हे त्यावर मांडून घरोघरी संडास बांधण्याचे काम केले. गावाकडे २४ एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना आहे. तीत ड्रोनने गावठाणातील घरांची मोजणी होते. आपल्या टोकाची घरे त्यात नीट आली की नाही, हे तपासायला जाणता माणूस आपल्यात नको काय?

आता पालकांच्या मुख्य चिंतेकडे येतो. नोकरीची हमी मी देणार नाही, कोणीही देऊ नये. परंतु दारे आहेत. १७६७ सालापासून चालत आलेले सर्व्हे ऑफ इंडिया आहे, नागपूरला राज्य सरकारचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरील बंधने सैल केल्यापासून खासगी कंपन्यांचा मार्गही मोकळा झाला आहे. शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग आहे, डेहराडूनला इस्रोची सुदूर संवेदन संस्था आहे. ती संस्था ऑनलाईन विनाशुल्क वर्गही चालवते. क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यावर घरी सराव करता येतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. मुदत आणि उत्पन्नाच्या अटी समाजकल्याण कार्यालयात आधीच विचाराव्यात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जूनपर्यंत हातात असावा. खासगी कॉलेजची भरमसाट फी भरण्याआधी सरकारी विद्यापीठांचे फॉर्म भरावेत.

विद्यार्थी मित्रांनोही ऐका. "मला भूगोलाची आवड आहे" एवढ्यावर भागत नाही. या विषयात गणित लागते, संगणक लागतो, उन्हातान्हात फिरून मोजमापे घ्यावी लागतात. आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे आधी ठरवा. या मुलीला टेकडीचा प्रश्न सापडला. तुमच्या गावात तो विहिरीचा असेल, स्मशानभूमीच्या वाटेचा असेल, वतनाच्या जमिनीच्या हद्दीचा असेल. तो प्रश्न मनात असला की दोन वर्षांची ओढाताण सोसण्याचे बळ येते.

मुलीच्या वडिलांशी माझे दोनदा बोलणे झाले. "फॉर्म भरू द्या, मग बघू," इथपर्यंत ते आले आहेत. शिष्यवृत्तीचे कागद आम्ही मंडळातर्फे पाहत आहोत.

तोवर एक काम सर्वांना करता येईल. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात मुलांना मोठे कागद द्या आणि आपल्या वस्तीचा नकाशा काढायला सांगा. नळ कुठे, विजेचा खांब कुठे, गटार कुठे तुंबते, रात्री कोणत्या वळणावर अंधार असतो, सारे दाखवू द्या. चांगला नकाशा झाला तर त्याची प्रत आपल्या नगरसेवकाला किंवा सरपंचाला नेऊन द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

जयभीम.