पट्टी, चिठ्ठ्या आणि मानसशास्त्रातला ‘गणिताचा पेपर’

हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडच्या मुली मानसशास्त्राला प्रवेश घ्यायला येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात, ‘मॅडम, यात गणित नाही ना?’ दहावीनंतर कला शाखा घेण्यामागे बहुतेकींचं खरं कारण गणितच असतं. पुढे सांख्यिकीचा पेपर समोर येतो आणि चेहरे उतरतात. मी तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. मानसशास्त्राच्या पदवीतला सर्वांत महत्त्वाचा पेपर हाच आहे, आणि तोच आपण सर्वांत वाईट शिकवतो, असं माझं ठाम मत आहे.

शिकवण्याची ठरलेली तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गाइडमधलं सूत्र फळ्यावर येतं, त्याखाली सोडवलेलं उदाहरण येतं, परीक्षेत आकडे बदलून तेच उदाहरण पडतं. पाठांतर असेल तर गुणही पडतात. त्याच मुलीला विचारा, प्रमाण विचलन म्हणजे काय? ती सूत्र म्हणून दाखवते. ज्या विषयाचा सगळा जीव ‘माणसं एकमेकांपासून किती वेगळी असतात’ या प्रश्नात आहे, त्या विषयाची विद्यार्थिनी वेगळेपण मोजण्याचं माप मुळाक्षरांच्या तक्त्यासारखं घोकते, याचं मला फार वाईट वाटतं.

मी पहिल्या तासाला तीस सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी घेऊन जाते. एकीनं पट्टी उभी धरायची, दुसरीनं खाली चिमूट उघडी ठेवायची. पहिलीनं न सांगता पट्टी सोडायची, दुसरीनं पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली ते फळ्यावर लिहायचं. महागडं उपकरण लागत नाही आणि प्रतिक्रियाकाळ डोळ्यांसमोर उभा राहतो. अठरा सेंटिमीटरवर पकडली तर साधारण ०.१९ सेकंद लागला. एका मुलीचे पाच आकडे आले: १७, २२, १५, १९, १७. सरासरी १८. ‘आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते लिहा आणि बेरीज करा,’ म्हटलं. उणे एक, चार, उणे तीन, एक, उणे एक. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, बेरीज शून्यच यायलीय. चुकलं का?’ चुकलं नव्हतं. ती नेहमीच शून्य येणार. अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. ‘मग काय करायचं?’ असं मी विचारलं तेव्हा ‘उणे चिन्ह काढून टाकायचं’ हे एकीनं सुचवलं आणि ‘वर्ग करायचा’ हे दुसरीनं. दोन्ही उत्तरं रास्त. वर्गांची बेरीज आली २८.

आता भागायचं कशानं? पाच आकडे आहेत, मग पाचानं भागू. इथे मी थांबवते. सरासरी अठरा ठरलेली असेल आणि चार आकडे माहीत असतील, तर पाचवा आपोआप ठरतो. त्याला मोकळीक उरत नाही. मोकळे आकडे चारच. म्हणून २८ भागिले ४, म्हणजे ७, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे २.६५ सेंटिमीटर. ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ या नावानं एम.ए.च्या मुलांना घाम फोडणारी गोष्ट एवढीच आहे. सरासरी, मध्यक, बहुलक या मुलींनी दहावीच्या गणित भाग १ मध्ये सोडवलेलेच असतात. त्याच पुस्तकात संभाव्यताही असते. गणित सुटलं असं त्यांना वाटतं, पण हाताशी बरंच काही शिल्लक असतं.

पुढच्या आठवड्यात पट्टी तीच, पण निम्म्या मुलींनी मोबाइलवर बोलता बोलता पकडायची. एका वर्षी बोलणाऱ्या दहाजणींच्या हातून पट्टी सरासरी साडेतीन सेंटिमीटर जास्त घसरली. हा फरक मोबाइलमुळे पडला की योगायोगानं? इथे पुस्तक ‘टी टेस्ट’ काढतं. मी चिठ्ठ्या काढते. वीस आकडे वीस चिठ्ठ्यांवर लिहायचे, डब्यात हलवायचे, डोळे मिटून दहा-दहाचे दोन ढीग करायचे आणि दोन सरासरींतला फरक लिहायचा. पुन्हा हलवायचं, पुन्हा लिहायचं. चिठ्ठ्यांना कोण बोलत होतं आणि कोण गप्प होतं हे माहीत नाही. म्हणून इथे येणारा फरक निव्वळ योगायोगाचा. साडेतीन किंवा त्याहून मोठा फरक असा आंधळ्या वाटणीत कितीदा येतो, ते मोजलं की ‘पी व्हॅल्यू’ हातात आली. वर्गात गलका होतो, चिठ्ठ्या बाकाखाली पडतात, तास संपतो. पण ‘शून्य परिकल्पना’ म्हणजे काय हे त्यानंतर पुन्हा सांगावं लागत नाही.

याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. औंढ्याच्या रस्त्यानं एसटीनं येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते, तिथले शास्त्रज्ञ जे करणार त्याचा पाया तुम्ही डब्यात चिठ्ठ्या हलवताना घातलाय. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिल्यांदा लहर टिपली. तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांत जवळजवळ एकाच क्षणी तशीच थरथर उमटली. हा योगायोग तर नाही, हे तपासायला त्यांनी एका यंत्राची नोंद दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम मागेपुढे सरकवली. वेळा जुळत नसल्या की खरी लहर दोन्हीकडे एकत्र सापडणं अशक्य. तरीही जे जुळलं ते योगायोगाचं. पुन्हा पुन्हा सरकवून त्यांनी मोजलं. इतका जोरदार योगायोग २,०३,००० वर्षांत एकदाही अपेक्षित नाही असं निघालं, तेव्हा कुठे त्यांनी जगाला सांगितलं. पद्धत आमचीच, धीर मात्र किती पटींनी जास्त!

आमच्या विषयात मात्र ‘विसात एक’ एवढ्या पी व्हॅल्यूवर भागतं. १९२५ साली रोनाल्ड फिशरनं आपल्या पुस्तकात ही रेघ सोयीची म्हणून सुचवली आणि आम्ही ती देवाज्ञा असल्यासारखी पाळली. त्याचे परिणामही भोगले. गुरुत्वीय लहर सापडली त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑगस्ट २०१५ मध्ये, जगभरच्या मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं प्रसिद्ध झालेले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल छापला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के ‘सार्थक’ होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उरले. विषयाला यामुळे बट्टा लागला असं मला वाटत नाही. आपले हिशेब आपणच चव्हाट्यावर मांडणारा विषय मला जास्त विश्वासाचा वाटतो. पण हे वाचून समजणारी मुलं आपण तयार करतोय का?

फिशर हा शेतीच्या प्रयोगांतला माणूस. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या प्रयोगशेतावर काम करताना त्यानं जी तंत्रं बसवली, तीच पुढे मानसशास्त्रानं उचलली. त्यामुळे आमच्याकडच्या सोयाबीन-हळदीच्या घरातल्या मुलींना सांख्यिकी परकी वाटायचं काही कारण नाही. पीक कापणी प्रयोग त्यांच्या घरात दरवर्षी बोलण्यात असतो, कारण पीकविम्याची भरपाई मोठ्या प्रमाणावर त्याच सरासरीवर ठरते. ‘आमच्या मंडळात कापणी कोणाच्या शेतात झाली?’ हा पारावरचा प्रश्न म्हणजे नमुना निवडीचाच प्रश्न. शेत चिठ्ठीनं का निवडायचं, रस्त्यालगतचं सोयीचं का नाही, हे या मुली मला समजावून सांगतात.

ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. पुढे ते जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून येतं, हे त्यांनी दाखवलं. कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा लहान तितका कडेचा वाटा मोठा. हे ऐकल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘म्हणजे आपण प्रश्नावली भरून घेताना समोरचा अडखळला, तर आपणही असंच ओढतो का?’ होय, ओढतो. मुलाखतीतल्या पूर्वग्रहावरचं कोणतंही प्रकरण मी यापेक्षा चांगलं शिकवू शकले नसते.

आता दुसरी बाजू. लघुशोधप्रबंधाच्या काळात शहराशहरांतल्या दुकानांत ‘आकडेमोड करून मिळेल’ असं सांगणारे भेटतात. आकडेमोडच काय, आकडेही मिळतात. खोलीत बसून शंभर प्रश्नावल्यांवर स्वतःच टिकमार्क करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना आळशी म्हणून झटकणं सोपं आहे. पण आकडे म्हणजे सॉफ्टवेअरला घालायचा चारा, एवढंच ज्यांना शिकवलं गेलं, त्यांनी गावोगाव फिरून आकडे आणावेत तरी कशासाठी? यात फसवणूक होते ती परीक्षकाची कमी आणि पुढे या मुलांसमोर बसणाऱ्या माणसाची जास्त.

तो माणूस कसा फसतो, हे एका उदाहरणात दाखवते. नैराश्य ओळखण्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. २००१ साली अमेरिकेतल्या दवाखान्यांत झालेल्या मूळ अभ्यासात या रेघेवर ८८ टक्के नैराश्यग्रस्त बरोबर ओळखले गेले आणि नैराश्य नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांना बरोबर वगळलं गेलं. ऐकायला झकास. आता समजा, हजार प्रौढांच्या गावात आपण ही यादी घरोघर नेली आणि त्यात खरे नैराश्यग्रस्त ५० आहेत. त्यातले ४४ सापडतील, सहा निसटतील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण विनाकारण यादीत येतील. एकूण १५८ नावं आणि त्यात खरे ४४, म्हणजे शंभरातले जेमतेम २८. हीच यादी अशा दवाखान्यात वापरली जिथे आलेल्यांतले निम्मे खरोखर नैराश्यात आहेत, तर नावं आलेल्या शंभरातले ८८ खरे निघतील. यादी तीच, प्रश्न तेच.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या भागात समुपदेशक हवेत, याबद्दल दुमत नाही. पण ज्या समुपदेशकाला हा हिशेब येत नाही, तो ११४ घरांत ‘तुमच्या माणसाला नैराश्य आहे’ असं सांगून येईल आणि सहा घरांत ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणेल. मला झोप लागू देत नाहीत ती ही सहा घरं. या हिशेबाला दहावीची टक्केवारी पुरते.

बुद्धिमापनाचंही तसंच. पुस्तकी वाटणारा हा प्रश्न एखाद्या लेकराच्या प्रमाणपत्रापर्यंत जातो. व्ही. व्ही. कामतांनी १९३४ साली बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, ती धारवाडच्या भागात. परदेशी मापानं आपली मुलं मोजू नयेत, एवढी दृष्टी त्या माणसाला नव्वद वर्षांपूर्वी होती. पण धारवाडच्या मुलांवरून ठरलेलं माप सेनगाव तालुक्यातल्या, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यानं निम्मं वर्ष शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला जसंच्या तसं लावता येईल का? शिवाय चाचणीची विश्वसनीयता ०.९१ इतकी चांगली धरली, तरी प्रमाण विचलन १५ असताना मापनातली चूक साडेचार गुणांची निघते. म्हणजे दोन्ही बाजूंना या चुकीच्या दुपटीची जागा सोडली, तर ६८ गुण मिळालेल्या मुलाचा खरा अंक ५९ ते ७७ यांत कुठेही असू शकतो. बौद्धिक अक्षमता ठरवणारी सत्तरची रेघ याच पट्ट्यात पडते. अहवालात फक्त ‘६८’ लिहिणाऱ्यानं प्रमाण विचलनाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण घेतलेले असू शकतात.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीला संशोधनाची जोड आहे. नांदेडच्या विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे येतात. या चार जिल्ह्यांतल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी ठरवून एकाच चाचणीचे खरे आकडे आणले, संमती घेऊन आणि नावं वगळून, तर काही वर्षांत आपल्या मुलांची स्वतःची मानकं तयार होऊ शकतात. पैसा फारसा लागणार नाही. जामोवी, जास्पसारखी सॉफ्टवेअरं फुकट आहेत. लागेल ती शिस्त, आणि ती शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक. तासिका तत्त्वावरच्या माणसाला दरवर्षी आपण पुढच्या जूनमध्ये असू की नाही हेच माहीत नसतं; त्याच्या भरवशावर अनेक वर्षांचं काम उभं राहत नाही.

आणि परीक्षा बदला. प्रश्नपत्रिकेसोबत सूत्रांचा तक्ता छापून द्या, कॅल्क्युलेटर नेऊ द्या, आणि उत्तर काय आलं यापेक्षा त्याचा अर्थ काय हे विचारा. प्रात्यक्षिकाचे गुण सुबक जर्नलला देण्याऐवजी कच्च्या वहीला द्या: खाडाखोड असलेली, ‘ही बाई तिसऱ्या प्रश्नाला थांबली’ असं समासात लिहिलेली वही. खोलीत बसून भरलेल्या प्रश्नावल्या अशा वहीपुढे टिकत नाहीत. माझ्या मुलींच्या वह्या यंदा कपाटात तशाच बांधून ठेवल्या आहेत. बहिस्थ परीक्षकांनी मागितल्या तर दाखवायला.