गाण्याचे सोवळे आणि आरमोरीचा मांडव

दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपते, मंडया भरू लागतात आणि आरमोरी, देसाईगंज-वडसा, ब्रह्मपुरी या टापूत झाडीपट्टीच्या नाटकांचे मांडव उभे राहतात. त्यासोबत एक ठरावीक तक्रारही ऐकू येते. या नाटकांतले गाणे भ्रष्ट झाले. नाट्यपदाशेजारी लावणी येते, लावणीशेजारी सिनेमाची चाल येते. हे अभिरुचीचे अधःपतन होय! तक्रार करणारी मंडळी बहुधा सुशिक्षित असतात आणि त्यांनी आधाराला घेतलेले असते शास्त्रीय संगीत. त्या पवित्र वस्तूला लोकप्रिय गाण्याचा विटाळ होऊ नये, असे त्यांचे म्हणणे.

ज्यांच्या नावाने हे सोवळे पाळले जाते, त्या थोर गवयांनी ते कितपत पाळले? विदर्भाचेच उदाहरण घेऊ. वसंतराव देशपांडे १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि १९३५ च्या 'कालिया मर्दन' या बोलपटात कृष्ण झाले. म्हणजे सिनेमा त्यांच्या आयुष्यात पोरवयातच आला. पुढे त्यांनी लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेतला, सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्याकडून विद्या मिळवली, आणि पोटासाठी लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केली. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, लावणी, भावगीत हे सारे त्यांच्या एकाच गळ्यातून निघाले. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'तील खाँसाहेब त्यांचे, आणि १९७९ च्या 'अष्टविनायक' चित्रपटात लेकीची पाठवणी करताना गाणारा बापही त्यांचाच. ते गाणे ऐकून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांत घराण्यांची नावेही न ऐकलेले लाखो लोक होते. १९८३ साली ते गेले. तोवर लोकप्रिय गाण्याशी त्यांचे नाते तुटले नाही, आणि त्यामुळे त्यांचा मारवा बाटलाही नाही!

सप्रे यांच्याकडेच शिकलेले रामचंद्र चितळकर सी. रामचंद्र म्हणून गाजले. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांनी पाश्चात्त्य नृत्याचे ठेके आणले आणि गल्लीबोळ डोलू लागले. एकाच गुरूकडून निघालेल्या या दोन वाटा, आणि दोन्ही लोकांपर्यंत पोहोचल्या.

सोवळ्याचा प्रयोग सरकारनेही करून पाहिला आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली; ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडले. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर स्वतः संगीताचे जाणकार. लोकांची अभिरुची सुधारावी म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना आवर घातला. निर्मात्यांशी वाद होऊन ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि 'बिनाका गीतमाला' घरोघर पोहोचली. अखेर १९५७ साली 'विविध भारती' सुरू करावी लागली. अभिरुची हुकमाने घडत नाही, हा त्याचा धडा. आणि ज्या पेटीला सरकारने तीन दशके वाळीत टाकले, तिच्याच सुरांवर गावोगावचे मांडव तोवर उभे होते, हेही विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, बाजारू गाण्याचे तुम्ही समर्थन करता काय? मुळीच नाही. पेटीवाल्याच्या आणि तबलजीच्या जागी ध्वनिमुद्रित ठेका वाजू लागला, तर कलावंताची रोजी बुडते आणि प्रेक्षकाचा कान बधिर होतो. परंतु ही लढाई मजुरीची आणि मालकीची आहे. शेतमजुराने कोणत्या चालीवर मान डोलवावी याची शिस्त लावून ती जिंकता येणार नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे. मूर्तिजापूरच्या मुलाला नागपुरात गुरू भेटला. आरमोरीच्या धानाच्या बांधावर दंडार म्हणणाऱ्या पोराच्या गळ्यात तसाच सूर असेल, तर तो कोणाकडे जाईल? शास्त्रीय विद्येचे दार त्याला बंद ठेवायचे आणि तो सिनेमाची चाल गातो म्हणून त्यालाच नावे ठेवायची, हा न्याय कोणता? २०२३ साली झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 'पद्मश्री' मिळाली, याचा आनंद आहे. पण एका कलावंताचा सन्मान झाला म्हणून मांडवातल्या सर्व वादकांची चूल पेटत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी नाके मुरडणाऱ्यांच्या पंगतीत बसू नये. झाडीपट्टीतील प्रत्येक तालुक्यात, आश्रमशाळांसह, संगीतशिक्षकाची कायम जागा, वादकांना ठरलेले किमान मानधन आणि हंगाम सरल्यावर उपजीविकेची हमी, या मागण्या हाती घ्याव्यात. मारवा शिकण्याची संधी आधी मिळू द्या. ती मिळाल्यावर पोरगा मारवा गाईल, लावणी गाईल की दोन्ही, हे त्याचे तो ठरवील.